खालच्या मजल्यावरची ठकठक

परक्या शहरात बिऱ्हाड हलवताना तिने बॅगेत आईची हातमशीन कोंबली. नवरा म्हणाला, "अगं, त्यापेक्षा कुकर तरी घे!" पण याच मशीनवर तिने दोन्ही नणंदांच्या लग्नातले कपडे शिवले होते. ती मागे ठेवणं तिच्या जिवावर आलं.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. नवरा गोदामात लागला, लेक शाळेत जाऊन तिथली भाषा भराभर उचलू लागली. हिची गत मात्र तोंड असून मुक्याची. मग दिवसभर पडदे शिव, लेकीचा कोट उसवून सैल कर, असं चालायचं. दुसऱ्याच आठवड्यात खालून कुणीतरी काठीने छत ठोकलं. मशीन थांबली की ठकठक थांबायची, सुरू केली की पुन्हा ठकठक.

चार दिवसांनी नवरा धास्तावला. "घरमालकाच्या कानावर गेलं तर गाशा गुंडाळावा लागेल. ठेव ती पलंगाखाली."

"चोरासारखं कशाला लपायचं? मी माफी मागून येते," म्हणत शनिवारी सकाळी ती लेकीला घेऊन खाली गेली.

एका वाकलेल्या म्हाताऱ्याने दार उघडलं. हिने हात जोडले, बाकीचं लेकीने सांगितलं. तो तावातावाने बराच वेळ बोलला आणि लेक खुदकन हसली.

"काय गं, रागावलेत का?"

"नाही गं आई! आजोबा म्हणतात, आवाजाचं काही नाही, पण मशीन मध्येच अडखळतेय. ते कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचे. तशीच चालवलीस तर मोडेल, म्हणून थांबवत होते."

हसावं की रडावं, तिला कळेना.

म्हातारा गुडघे धरत जिना चढला. शटलमध्ये अडकलेला दोरा चिमट्याने ओढला, प्रवासात ढिला झालेला स्क्रू आवळला, तेल सोडलं. मग पडद्याची टीप डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि सोमवारी तिला थेट ओळखीच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन उभं केलं.

त्याला आता तीन वर्षं झाली. ती त्याच दुकानात खिडकीशी बसून कोट, पँट बेतते. "ना नात्याचा ना गोत्याचा, पण बापासारखा उभा राहिला," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. म्हातारा रविवारी त्यांच्याकडेच जेवतो. मशीनला तेल किती घालावं यावरून दोघांची खडाजंगी होते, तीही त्याच्या भाषेत. हिचं व्याकरण चुकतं, पण भांडण काही अडत नाही.