कोरी चाल

नाशकात माझ्या साडूने वाजवलं नाही असं एकच वाद्य उरलं आहे, आणि ते म्हणजे आमच्या दारावरची बेल. ती तो कधीच वाजवत नाही. सरळ आत येतो, माझ्यासाठी ठेवलेला चहा उचलतो. पूर्वी वर म्हणायचाही, "साडूभाऊ, चाल झालीय, पण वाजवणार नाही." माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा ओझरच्या कारखान्यात फिटर होता. ती नोकरी पोटासाठी. बाकी सगळा जन्म जयंतीला भीमगीतांच्या पार्टीत बेंजो, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट, मग ऑर्केस्ट्रात कीबोर्ड यात गेला, आणि तेवढ्यावर भागेना म्हणून संबळावर गिटार चढवून त्याने जे काही केलं त्याला काय म्हणायचं हे त्यालाही ठाऊक नाही. एका बारशाला त्याने तारपा आणि कव्वालीच्या टाळ्या एकत्र करून पाळणा रचला. बाळ झोपलं नाहीच, उलट पाळण्याभोवतीच्या बायका नाचायला लागल्या. आमच्या भागातल्या घंटागाडीवर वाजतं ते गाणंही त्याचंच. कचऱ्याच्या बादल्या घेऊन अख्खी कॉलनी त्याच्या ठेक्यात चालत येते, आणि एवढी कीर्ती फार थोड्या संगीतकारांच्या वाट्याला येते.

लोक याला हौस म्हणतात. खरं कारण फक्त मला माहीत आहे. साडूचं म्हणणं असं की त्याची प्रत्येक चाल उष्टी असते. म्हणजे तो ती करतो, पण त्याच्याआधी ती कुणाच्या तरी तोंडात गेलेली असते. हे पहिल्यांदा घडलं पंचवटीच्या भाजीबाजारात. आदल्या दिवशी घरातली सगळी दारं लावून त्याने बेंजोवर एक चाल बांधली होती, आणि सकाळी मेथीची जुडी बांधणारी बाई तीच गुणगुणत होती. कुठं ऐकलं म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, "ऐकाया कशाला लागतंय? आलं तोंडात." बेंजोतून चाली गळतात असं ठरवून त्याने क्लॅरिनेट धरलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्यात मोजा कोंबून वाजवू लागला. तेव्हा आमच्या गल्लीतले ठार बहिरे आजोबा फाटकावर काठीने त्याचाच नवा ठेका धरून बसलेले दिसले. मग कीबोर्ड, मग गिटार. माणसं घर बदलतात तशी याने वाद्यं बदलली. मी विज्ञानाचा शिक्षक. सूर मोजून सात, चाली जुळणारच, असं मी त्याला पुष्कळदा समजावलं. डॉक्टरचं ऐकावं तसं तो मान हलवून ऐकायचा आणि उठून जायचा.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र तो हट्टाला पेटला. लेकीला सगळे कोरी साडी देतात, मी कोरी चाल देणार, म्हणाला. जिला दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं नाही अशी. आयुष्यात एवढी एकच झाली तरी पुरे. ही एकुलती एक लेक म्हणजे त्याचा जीव की प्राण, त्यामुळे मला हसूही येईना.

पैठणी घ्यायला आम्ही दोन्ही जोडपी एसटीने येवल्याला गेलो. दोघी बहिणी पुढच्या बाकावर साड्यांची भांडणं भांडत होत्या. विंचूर मागे पडल्यावर साडूने एकदम डोळे मिटले आणि हळूच सांगितलं की आली, आणि आता ही डोक्याबाहेर काढायचीच नाही. येवल्यात एका घरी मागावर बसलेला विणकर स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता. साडूने माझं मनगट धरलं. त्याचं बोट माझ्या मनगटावर ठेका देऊ लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की बोट आधी पडतंय आणि विणकराचा गळा मागून वळतोय. प्रत्येक वळणाला. मी विणकराला विचारलं. तो धोटा न थांबवता म्हणाला, "काय माहीत नाय बुवा. सकाळपासून हेच येतंय."

सकाळपासून. आम्ही तर तेव्हा नाशकातून निघालोही नव्हतो. त्या क्षणी मला मनापासून भीती वाटली, हे कबूल करतो. पैठणी घेतली, कुठल्या रंगाची ते मला आजही सांगता येणार नाही. परतीच्या बसमध्ये साडू एवढंच बोलला, "चाल मला सुचत नाही, साडूभाऊ. फिरून फिरून ती माझ्याकडे शेवटी येते."

त्यानंतर लग्नापर्यंत त्याने काही सुचूच दिलं नाही. डोक्यात काही वळवळलं की तो एकोणतीसचा पाढा म्हणायचा. हळदीच्या दिवशीही म्हणत होता, आणि व्याह्यांना वाटलं खर्चाचा हिशेब चाललाय. लग्न लागलं, जेवणं उरकली, आणि पाठवणीच्या वेळी त्याने क्लॅरिनेट ओठाला लावलं. काय निघेल हे त्यालाच ठाऊक नव्हतं. जे निघालं ते मी कधीच ऐकलेलं नव्हतं. मी सगळ्यांचे ओठ बघत होतो. वाढपी, बँडवाले, फोटोग्राफर, एकाचेही हलत नव्हते. साडूचे डोळेही तेच बघत फिरत होते, आणि हळूहळू त्या डोळ्यांत पाणी भरत होतं. चाल संपत आली, त्याने शेवटचा श्वास घेतला, आणि आईच्या खांद्यावर डोळे मिटून पडलेली लेक पुढचं गुणगुणू लागली.

साडूने क्लॅरिनेट खाली घेतलं. पोरीने चाल शेवटपर्यंत नेली, डोळे उघडले आणि विचारलं, "पप्पा, थांबलात का?"

"तुझं होऊ दे म्हटलं, बाळा."

मग माझ्याकडे वळून, अगदी शांतपणे म्हणाला, "लेकराचं उष्टं आईबापाला चालतं."

गाडी गेल्यावर त्याने ती चाल पुन्हा वाजवायला घेतली. येईना. मला आठवेना, त्याच्या बायकोला आठवेना, वऱ्हाडात कुणालाच आठवेना. मोबाइलवर ज्यांनी घेतलं होतं त्यांच्याकडे हुंदके आणि गाडीचा हॉर्न एवढंच निघालं, आणि शूटिंगवाल्याने त्या जागी सिनेमातलं गाणं चिकटवून दिलं. मी म्हटलं, फोन करून तिलाच विचारा. त्याने मान हलवली. "दिलेलं परत मागत नाहीत, साडूभाऊ."

त्यानंतर त्याला एकही चाल सुचलेली नाही. वाद्यं कपाटावर चढली. पंचवटीच्या बाजारात तो पिशवी घेऊन उगाच रेंगाळतो, पण भाजीवाल्या आता चारचौघींसारखी सिनेमातलीच गाणी म्हणतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. लेकीचा फोन आला की त्याची बायको बोलते आणि हा शेजारी कान लावून बसतो, पोळ्या लाटता लाटता पोरगी चुकून काही गुणगुणली तर ऐकू यावं म्हणून. ती खूप बोलते. सासूचं, ऑफिसचं, पाण्याच्या वेळांचं. हा सगळं ऐकून घेतो, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ तसाच बसून राहतो.