काकांची श्वासाची काटकसर

श्वास घेण्यात काटकसर करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे काका. आणि त्यांना ती सवय लावणारा शहाणाही एकच, तो म्हणजे मी. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आमचा जिल्हा अजून कुलाबाच होता. मांडव्याजवळ काकांच्या ओटीवर जेवून पान लावत बसलो होतो. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज पापुद्रे सुटून झडत होते. मी शाळेत विज्ञान शिकवणारा. गप्प बसलो तर मास्तर कसला? म्हटलं, "काका, हे प्राणवायूचं काम. तो लोखंड खातो."

"म्हणजे आपण ओढतो तोच?"

"तोच."

"आणि रक्तात लोखंड असतं म्हणता ना, जावईबापू?"

"असतं की," मी विडा तोंडात टाकत म्हणालो, आणि तिथेच घात झाला.

काकांनी तीस वर्षं लाँचचं इंजीन चालवलं होतं. इंजिनाला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, मुठीला कान लावायचा आणि आत काय झिजलंय ते सांगायचं, ही त्यांची विद्या. निवृत्तीनंतर ती त्यांनी माणसांकडे वळवली. पाहुणा ओटीवर टेकतो न टेकतो तोच टोकाला चिंधी गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर त्याच्या छातीवर. घरातल्या एका मुलीला बघायला आलेल्या वरपित्याला त्यांनी "व्हॉल्व्ह वाजतोय तुमचा" असं सांगितलं, तेव्हा ती मंडळी पोह्यांना हात न लावता उठली. माझ्याशी झालेल्या त्या गप्पांनंतर त्यांना हृदयाचा नवाच रोग सापडला: गंज. बोटीला रंग द्यावा तसं ते छातीला दोन वेळा खोबरेल चोपडू लागले. पश्चिमेच्या खिडक्यांना गोणपाट लागलं. चहा फुंकणं बंद. आरतीत नुसते ओठ हलायचे. मासळीवालीला ते बोटाने बोंबील दाखवत, तर ती म्हणे, "काका, तोंडाला कुलूप घातलाव व्हय?" काका पाटीवर लिहून दाखवत, 'हवा वाचवतोय.' तिला वाचता येत नव्हतं.

इथवर गंमत होती. मग त्यांनी चालणं सोडलं, कारण चालल्याने श्वास जास्त लागतो. रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन लाँचच्या इंजिनाची खुशाली विचारणारा माणूस खाटेवरून उठेना. पावसाळा सरता सरता पाय सुजले, चार पायऱ्यांत धाप लागू लागली. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हृदय वयाने थकलंय. गोळ्या देतो. पण रोज थोडं चालले नाहीत, असेच पडून राहिले, तर वर्ष काढायचे नाहीत." काकांना सांगितलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं, "डॉक्टरांना गंजातलं काय कळतं?"

माझी पंचाईत वेगळीच होती. नेमकं त्याच सुमारास शाळेत आलेल्या एका मासिकात मी वाचलं की परदेशात काही शास्त्रज्ञांना असंच काहीसं वाटतं. हाच प्राणवायू शरीराला आतून हळूहळू झिजवत असावा, म्हातारपण त्यातूनच येत असावं, आणि हृदयाला तर बिचाऱ्याला क्षणाची सुट्टी नाही. मी ते पान तीनदा वाचलं. म्हणजे काका बरोबर? मग डॉक्टर चूक? की दोघंही बरोबर आणि मी एकटाच ढ? आणि श्वासाने गंज चढतो म्हणून श्वासच आवरला, तर गंजायला उरायचं काय?

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा काकांनी पाटी बाजूला ठेवली. धापत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही शिकलेले. खरं सांगा. माझं म्हणणं खोटं आहे?"

मासिक माझ्या पिशवीतच होतं.

"साफ खोटं, काका. माझंच सांगणं चुकलं. लोखंडाचा नियम माणसाला लागत नाही."

त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं. मग "बरं," म्हणाले आणि पायाने खाटेखाली वहाणा चाचपू लागले.

पहिल्या दिवशी विहिरीपर्यंत, महिन्याभरात देवळापर्यंत, आणि होळीला धक्क्यावर. आरतीत त्यांचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर चढू लागला, सुरात नसला तरी. तीन वर्षं चालले. मग एका दुपारी वामकुक्षीतच गेले.

तेराव्याहून परतताना मी हिच्यापाशी मासिकाची गोष्ट कबूल केली. म्हटलं, "मी खोटं बोललो ते बरं केलं की वाईट, अजून कळत नाही मला."

ही पदराने डोळे टिपत म्हणाली, "अहो, काकांना तेव्हाच कळलं होतं. मला म्हणाले, 'जावईबापू खोटं बोलतायत, कान लाल झालेत त्यांचे. पण जावयाचा शब्द खाली कसा पाडू?' म्हणून चालत होते हो ते."