दाव्याला उरले नऊ दिवस

माझा नवरा देवदत्त नागपूरचा, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमध्ये बारा वर्षं. व्हिसाचे कागद सांभाळून सांभाळून त्याला अशी सवय जडलीय, की दुधाच्या गॅलनवरची तारीखसुद्धा कॅलेंडरवर टाकतो!

इथे घर घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं. मग कुणीतरी त्याच्या डोक्यात टॅक्स लीन भरवलं. ॲरिझोनात कुणी घराचा टॅक्स थकवला, की तो आपण भरायचा. मालकाने तीन वर्षांत व्याजासकट फेडला तर व्याज आपलं. नाही फेडला तर घरासाठी कोर्टात जायचं. देवदत्तने ऑनलाइन लिलावात एक लीन उचललं.

"यार, व्हेकेशन कॅन्सल करून हे?" मी भडकले.

"गप गं, गृहस्वामिनी!"

तीन वर्षं सरली. नोटीस गेली, समोरून हूं की चूं नाही. कोर्टात दावा लावायला नऊ दिवस उरले, तेव्हा रात्रभर अकरा तास ड्राइव्ह करून सकाळी आम्ही घर बघायला गेलो. वकिलाने बजावलं होतं, बाहेरूनच बघा. पण कुणाच्या दारात रिकाम्या हाताने कसं जायचं? मी बेसनाचे लाडू घेतले होते. बेलही मीच वाजवली.

लोरेटा नावाच्या सत्तरीतल्या बाईंनी दार उघडलं. देवदत्तने नाव सांगितलं. त्यांनी आम्हाला आत बसवलं, कॉफी दिली. टेबलावर सरकारी पाकिटांचा ढीग होता.

"हे सगळं माझा नवरा बघायचा," त्या म्हणाल्या. "तो गेला. पैसे आहेत हो, पण कुठे, कसे भरायचे तेच कळत नाही."

देवदत्तचे हात शिवशिवायला लागले. मी डोळे वटारले, टेबलाखालून लाथ मारली. छे! पठ्ठ्याने पाकिटं फोडून तारखेप्रमाणे लावली, विधवांना मिळणारी सूट शोधली, फॉर्म भरला.

"अरे, आपलं घर घालवतोयस!" मी मराठीत ओरडले.

"मुदत चुकतेय गं त्यांची!"

बाईंना गाडीत बसवून आधी बँकेत, मग टॅक्स ऑफिसात नेलं. सगळी थकबाकी फिटली. परत सोडताना देवदत्तने एकदाचं कबूल केलं, "ते लीन माझंच होतं."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "नोटिशीवर तुमचं नाव वाचलं होतं. माझं घर घ्यायला येणारी माणसं दिसतात तरी कशी, ते बघायला आत घेतलं."

देवदत्त ओशाळून हसला. सकाळपासून त्यांच्या स्वयंपाकघराचे पडदे मी मनातल्या मनात तीनदा बदलले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.