स्टेशन रोडवरचा समुद्र

आधीच माफी मागतो. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, शब्दही साधेच येतील. जड शब्द मला बोलतानाही येत नाहीत. खरं तर बोलतानाच जास्त अडचण होते, म्हणून लिहितो आहे.

आमच्या ऑफिसात किस्से कसे साठतात ते सांगतो. सकाळी अकराला चहा येतो. कोणीतरी मागच्या एखाद्या फजितीची आठवण काढतं, दुसरा त्यात भर घालतो, आणि कप रिकामे होईपर्यंत जुनी फजिती पुन्हा ताजी होते. या सगळ्या फजित्यांत निम्म्याहून जास्त माझ्याच आहेत. मी तिथंच ट्रे धरून उभा असतो आणि माझे कान गरम होतात.

नवीन जालन्यात स्टेशन रोडवर आमचं बियाण्यांचं ऑफिस आहे. माणसं मोजकीच. केबिनमध्ये साहेब, म्हणजे मालक. हिशोबाला सुनंदाताई. गाडीवर नामदेवमामा. विलासराव शेतीचे पदवीधर, गावोगाव फिरून शेतकऱ्यांना बियाण्याची माहिती देतात. आणि मी, सोपान, वाटूरचा. झाडलोट, चहा, टपाल आणि मासे.

माशांची पेटी साहेबांनी हौसेनं आणली होती. औरंगाबादच्या दुकानदारानं सांगितलं होतं, हे मासे खाडीतले, पाणी जरासं खारट ठेवा. सगळ्यात मोठा मासा चपटा, ताटलीसारखा, अंगावर काळे ठिपके. पेटीच्या मधोमध उभा राहून बाकीच्यांना ढकलायचा, म्हणून सुनंदाताईंनी त्याचं नाव सरपंच ठेवलं. मेथी खायचा, काकडी खायचा, मी काचेला बोट लावलं की बोटामागं यायचा. ज्याच्याशी मी न लाजता बोलायचो, असा ऑफिसात तो एकटाच होता.

मग त्यानं खाणं सोडलं. अंगावर पांढरं आलं. कोपऱ्यात तिरका पडून राहायला लागला. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "हा मासा लहानपणी खाडीत राहतो, मोठा झाला की समुद्रात जातो. त्याला आता समुद्र पाहिजे. हळूहळू खारं वाढवा, न्हाईतर जाईल तो."

साहेब म्हणाले, "करा समुद्र. पण खर्चा जास्ती नको."

जालन्यात समुद्र, आणि तोही कमी खर्चात. ते काम माझ्याकडं आलं.

०००

समुद्राच्या मिठाचं तयार पाकीट फार महाग. दुकानदारानं गरिबाचा तोडगा सांगितला. पाकीट थोडं, बाकी खडे मीठ, सोबत शेतीच्या दुकानातलं मॅग्नेशियम सल्फेट आणि चिमूटभर खायचा सोडा. नुसते असले खाडीतले मासे असतील तर भागतं म्हणाला.

मी किराणा दुकानात गेलो. गर्दी होती. गर्दीत माझा आवाज निघत नाही. शेटजींच्या जवळ जाऊन हळूच म्हणालो, "पोतंभर खडे मीठ पाहिजे."

आमच्या भागात काही समाजांत माणसाला पुरतात आणि खड्ड्यात मीठ घालतात. शेटजींनी माझं तोंड पाहिलं. सरपंच सकाळपासून तिरका पडला होता, तोंड तसंच असणार. ते आवाज खाली करून म्हणाले, "कोण गेलं रे?"

"अजून गेला न्हाई," मी म्हणालो. "पण आशा कमीच आहे."

"वय काय?"

"तीन वर्षं."

शेटजी गल्ल्यावरून उठले. सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवून त्यांनी स्वतः पोतं रिक्षात ठेवलं. मला सांगायचं होतं, पण तोवर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रिक्षावाल्यानं रिक्षा सुरू केली होती.

दुसऱ्या दिवशी शेटजी आणि शेजारचे दोन दुकानदार पांढऱ्या टोप्या घालून आमच्या बाकावर येऊन बसले. सुनंदाताईंनी विचारलं, "काय काम होतं?"

"लेकरू कसं आहे, ते बघायला आलो."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पेटीकडं पाहिलं. ताईंना सगळं कळलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. शेटजींना वाटलं, त्या रडून राह्यल्या.

शेवटी नामदेवमामांनी खुलासा केला. शेटजी उठले, पेटीजवळ गेले, चष्मा वर करून बराच वेळ सरपंचाला पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "डोळे चांगले आहेत. वाचंल."

अजूनही मीठ आणायला गेलो की भर गर्दीत विचारतात, "लेकराचं कसं काय?" आणि सगळं दुकान माझ्याकडं बघतं.

०००

खाऱ्या पाण्याला जोराचा प्रवाह लागतो. त्याची मोटर महाग. साहेबांच्या केबिनमधल्या कूलरची छोटी मोटर मात्र तशीच असते. साहेब दोन दिवस गावाला जाणार होते. मी ती काढून पेटीत बसवली. पाणी छान फिरायला लागलं. सरपंच कोपऱ्यातून बाहेर आला.

साहेब त्याच दुपारी परतले, आणि सोबत हैदराबादचे एक मोठे व्यापारी. एप्रिल महिना. साहेबांनी कूलरचं बटण दाबलं. आत पाणी फिरवायला मोटरच नाही, त्यामुळं कूलर नुसता गरम वारा फेकायला लागला. व्यापारी त्याच्या बरोबर समोर बसलेले.

मी पाणी घेऊन आत गेलो. त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता. मी परत पाणी नेलं. मग परत. सहाव्या ग्लासाला ते म्हणाले, "ठीक है साहब, आपकाच भाव बराबर. चलो, बाहर चलते."

संध्याकाळी मी मोटर हातात घेऊन केबिनमध्ये गेलो. खाली मान घालून सगळं सांगितलं. साहेब कूलरकडं बघत राहिले.

"सोपान, तीन वर्षं हा माणूस भाव तोडून राह्यला होता," ते म्हणाले. "राहू दे ती मोटर माशाला. या कूलरला आता कोणी हात लावू नका."

०००

पाणी किती खारं झालं ते मोजायचं यंत्रही नव्हतं. दुकानदार म्हणाला, "दुधात पाणी किती ते मोजायचा लॅक्टोमीटर आण. पंचवीसवर आला की समजायचं समुद्र." दूध संकलन केंद्रात वाटूरचा ओळखीचा पोरगा होता. त्यानं एक जुना दिला. मी तो चहाच्या टेबलावर ठेवला.

सकाळी बाबू गवळी दूध घालायला आला. त्यानं टेबलावर पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. दूध ओतलं आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून चहा असा व्हायला लागला की विलासराव दोन दोन कप मागायचे. दुधावर साय धरायची. सुनंदाताई म्हणाल्या, "सोपान, तू काय बोललास रे बाबूला?"

मी काहीच बोललो नव्हतो. तीच माझी अडचण. एक दिवस धीर करून म्हणालो, "बाबूदादा, ते यंत्र तुमच्यासाठी न्हाई. माशासाठी आहे."

बाबूनं मला खालून वर पाहिलं. "टोमणे नको मारू, सोपान. झालं गेलं. मी आता स्वतःचा मीटर घेतला आहे. खिशात ठेवतो. कुठंबी लावून घे."

आणि खिशातून काढून दाखवला.

०००

नामदेवमामा साहेबांच्या घरच्यांना घेऊन कोकणात जाणार होते. मी त्यांना दोन कॅन धुऊन दिले. "मामा, येताना खरं समुद्राचं पाणी आणा. आपल्या पाण्यात थोडं मिसळलं तर बरं, असं दुकानदार म्हणतो."

मामा आणायला विसरले नाहीत. पण परतल्यावर साहेबांच्या घरच्यांना सोडून रात्री कॅनसकट मंठ्याला स्वतःच्या घरी मुक्कामाला गेले. सकाळी उठून बघतात तर एक कॅन देवापुढं, त्याला हळद-कुंकू. त्यांचे वडील भजनी माणूस. त्यांनी गल्लीत निरोप दिला होता, दर्या घरी आला म्हणून. माणसं रांगेनं येत होती आणि ते प्रत्येकाच्या हातावर पळीभर तीर्थ घालत होते.

मामा सांगतात, एकानंही तोंड वाकडं केलं न्हाई. डोळे मिटायचे, गिळायचे, हात डोक्यावर फिरवायचे. फक्त एक म्हातारबा म्हणाले, "गोदावरी गोड आहे. पण दर्या मोठा, त्याची चवबी मोठी."

मी चांगला धुतला होता, पण त्या कॅनमध्ये आधी फिनेल होतं. ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "कोणाला काही झालं न्हाई. तू गप राह्य."

पुढं मंठ्याच्या बाजारात मामांचे वडील भेटले. त्यांनी मला हात जोडले, नारळ दिला आणि म्हणाले, "तुमच्या कृपेनं घडलं." तो नारळ मला अजून फोडवत नाही.

दुसरा कॅन पेटीत गेला. त्याच आठवड्यात सरपंचानं मेथीचं एक पान खाल्लं. उरलेलं अर्धं त्यानं थुंकलं, पण अर्धं खाल्लं.

०००

आता अंड्याचं सांगतो.

लॅक्टोमीटर वीसच्या पुढं गेला होता. सरपंचाच्या अंगावरचं पांढरं निम्मं गेलं होतं. शेवटचं थोडं मीठ राहिलं होतं. आणि मीटर पुसताना तो माझ्या हातून पडून फुटला.

विलासराव म्हणाले, "कशाला पाहिजे मीटर? बियाणं निवडताना आपण काय करतो? पाण्यात मीठ घालत राहायचं, अंडं वर आलं की बराबर. मंग हलकं बी तरंगतं, भारी खाली बसतं. शास्त्र आहे ते. सोपान, उद्या घरून अंडं आण."

आमच्या घरी कोंबड्या आहेत. आई अंडी पाण्यात टाकून बघते. आडवं पडलं तर ताजं, ते बाजारात जातं. उभं राहिलं तर शिळं, ते दाराजवळच्या टोपलीत. वर आलं तर गेलं, कुत्र्याला. ताजी अंडी विकायची असतात. त्यातलं एक मागायची मला लाज वाटली. पहाटे निघताना दाराजवळच्या टोपलीतलं एक उचललं.

दुपारी सगळे पेटीभोवती जमले. साहेबसुद्धा केबिनमधून आले. विलासरावांनी अंडं पाण्यात सोडलं. ते तळाला गेलं आणि सरळ उभं राहिलं.

"बघा," विलासराव म्हणाले, "साहेबांना सलाम करून राह्यलं."

सगळे हसले. माझे कान पेटले. ताजं अंडं आडवं पडतं, हे मला माहीत होतं. हे शिळं अंडं लवकर वर येणार, पाणी अजून कच्चं असताना. सरपंचाला पुरता समुद्र मिळणार नाही आणि आम्ही टाळ्या वाजवणार. मला बोलायचं होतं. पण साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे होते, आणि शिळं अंडं आणलं हे त्यांच्यासमोर सांगायला माझी जीभ उचलेना.

मी बादलीत मीठ विरघळवून थोडं थोडं ओतत राहिलो. अंडं हललं. मग अलगद वर आलं आणि सरपंचाच्या नाकासमोर तरंगलं. टाळ्या वाजल्या.

साहेब खूश. "उद्या दुपारी ते हैदराबादवाले परत येऊन राह्यले. त्यांना हा प्रयोग दाखवायचा. विलासराव, असाच्या असा."

एवढ्यात नामदेवमामांना भूक लागली. त्यांनी अंडं उचललं, मागं स्टोव्हवर तवा ठेवला आणि फोडलं. सगळं ऑफिस रस्त्यावर आलं. साहेबही.

"इतकं खारं पाणी," मामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "अंडं जागेवर नासवलं."

विलासरावांनी मान हलवली. "होतं तसं कधी कधी. सोपान, उद्या ताजं अंडं आण. अगदी ताजं."

मी बाटलीत पेटीतलं पाणी भरलं आणि सायकल काढून बाबू गवळ्याचं घर गाठलं. तो धार काढून उठत होता. म्हणालो, "दादा, तुमचा मीटर लावून बघा. दूध न्हाई हे. माशाचं पाणी आहे."

त्यानं पाणी मापात ओतलं, खिशातून मीटर काढला आणि सोडला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.

"पंचवीस," बाबू म्हणाला. "बरोबर पंचवीस." मग मीटर पुसत, "माझ्याकडून एवढं पातळ कधी आलं न्हाई, ते साहेबाला सांग."

मी तिथंच गोठ्यात खाली बसलो. परत ऑफिसला गेलो तर सरपंच मधोमध उभा होता आणि बाकीच्यांना ढकलत होता.

रात्री घरी झोप लागली नाही. पाणी बरोबर पंचवीसवर होतं, आणि ताजं अंडं वर यायचं तर पेटीत अजून कितीतरी मीठ पडणार होतं. आईनं उद्यासाठी ताजं अंडं फडक्यात बांधून ठेवलं होतं, सकाळीच घातलेलं.

पहाटे उठलो. फडकं सोडलं, ते ताजं अंडं बाजाराच्या टोपलीत परत ठेवलं, आणि चुलीपाशी बसलेल्या आईला विचारलं, "आई, उभं राहणारं अजून एखादं आहे का?"