टायर सोडलेली गाडी

पुंडलिकनगरात बोललं जातं की सूर्यभानच्या हातगाडीमागं जे टायर घासत येतं, त्यात त्याच्या मेलेल्या बायकोचा जीव अडकलाय. "म्हणून तर बोलतो ना बाई तिच्याशी! धर म्हणतो, सोड म्हणतो," असं यमुनाबाई मेथी निवडता निवडता सांगतात, आणि 'जीव' म्हणताना डोळे असे काही फिरवतात की ऐकणारीच्या हातातली जुडी खाली पडावी.

तसलं काही नाही. टायर म्हणजे ब्रेक. हातगाडीला ब्रेक नसतो. उतारावर मागं दोर ओढून धरणारं माणूस लागतं. सव्वीस वर्षं ते माणूस म्हणजे बानाबाई. सूर्यभान पुढं दांड्यात, ती मागं दोराला. दिवसभरात दोघांचं बोलणं चारच शब्दांचं: धर, सोड, हळू, झालं. एवढ्यावर त्यांचा संसार झाला. मागच्या दिवाळीत ती गेली आणि दोर मोकळा पडला. म्हणून त्यानं त्याला टायर बांधलं. टायर उताराला गाडी धरायचं, पण तोंडाची सवय कशी मोडणार? उताराच्या तोंडाशी तो अजून "धर" म्हणतो. मागून रबर घासल्याचा आवाज येतो. तो तेवढा ऐकून पाऊल टाकतो.

उताराच्या वर अभयशेठचं सिमेंटचं दुकान, खाली नव्या इमारतीचं काम. मधला रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला, आणि शेठ एक दिवस काउंटरवरून बोलले, "काय आहे ना, सूर्यभान, टायरचे काळे पट्टे उठतात. लोक मला बोलतात. काय आहे ना, टायर काढ."

"अन् गाडी कोण धरंल, शेठ?"

"तेच म्हणतोय. नाही जमत तर उद्यापासून छोटा टेम्पो लावतो. काय आहे ना, तुझंही वय झालं."

सूर्यभानला पुढचं दिसत होतं. गाडी गेली म्हणजे पोराकडं, हनुमानकडं जायचं. तो मेंढरं घेऊन गावोगाव फिरतो, त्याच्या पालावर बसून खायचं. पोरगा वाईट नाही. पण तिथं 'धर' कुणाला म्हणणार? इथं निदान उतार तरी आहे.

त्यानं दोर सोडला, टायर दुकानाच्या भिंतीला लावलं आणि सात गोण्या भरायला घेतल्या.

या ओळी लिहिणारी ओवी, शेजारच्या गल्लीतली, अकरावी सायन्सची, तिथंच उभी होती. तिनं वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

"मामा, गाडीसकट साडेचारशे किलो. सेकंदाला दोन मीटर वेग धरला तरी संवेग नऊशे. एका सेकंदात थांबवायची तर नव्वद किलो उचलायला लागतं तेवढं बल पाहिजे. तुमचं वजन किती?"

"अट्ठेचाळीस."

"मग?"

"एका सेकंदात थांबवायची म्हनलं कुनी?" सूर्यभान म्हणाला. "बळ कमी असलं की येळ जास्त लावायचा. अन् पळूच कशाला द्यायची?"

"नाही जमणार. लावा पैज."

"व्हय, लाव. हरलीस तर रिकामी गाडी मुकुंदवाडीपोतर माझ्यासंगं आनायची."

"आणि जिंकले तर?"

"तर गाडीच घिऊन जा. मला काय करायचीय मग."

तो गाडीकडं पाठ करून दांड्यात शिरला, पाठ मालाला टेकवली आणि सरळ खाली न जाता आडवा निघाला. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मग वळून परत या कडेला. आडवं चाललं की उतार बोथट होतो, गाडीची ओढ कमी पडते. दर दोन पावलांना टाच रोवायची, जमलेला थोडासा वेग तिथंच मारायचा आणि मग पुढचं पाऊल. पहिल्या वळणाला त्याच्या तोंडून "धर" गेलंच. मागून काहीच आलं नाही. रबरसुद्धा नाही. त्याची मान मागं वळायला निघाली. पण मान वळली असती तर गाडी सुटली असती. त्यानं ओठ मिटले आणि टाच रोवली.

मागं रिक्षा अडली. "क्या चाचा, रोड पे रांगोळी डाल रे क्या?"

चाचाच्या पिंडरीच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. पायी एका मिनिटाचा उतार, त्याला अकरा मिनिटं लागली. खाली वाळूच्या ढिगाआधी चार हात गाडी उभी राहिली, इतकी निवांत की गोणीवरची धूळही हलली नाही.

शेठ उतरून आले, आधी रस्ता निरखला, मग सूर्यभानला. "काय आहे ना... उद्या आठ गोण्या आहेत. सकाळी ये."

संध्याकाळी ओवीनं पैज फेडली. तो पुढं, ती मागं. सपाट रस्ता, रिकामी गाडी. हरल्याच्या रागात तिनं असा रेटा दिला की दांडा सूर्यभानच्या पाठीला लागला आणि तो तीन पावलं पळाला.

"अगं ए!" तो हसला. "एवढं लोटू नगं, पोरी. रिकाम्या गाडीला दोघांचा जोर लई व्हतो."