सोनेरी टोपाचा वाटा

"आवो भावजी, धरा त्यास्नी! उघडू दिऊ नगा! आजच्या दिवस तरी उघडू दिऊ नगा!"

वहिनी खालून ओरडत चढावाला लागल्या होत्या. एका हातात कोयता, दुसऱ्या हातानं पदर खोचलेला. त्यांचा आवाज म्हणजे काय सांगू, समोरच्या डोंगरातल्या धनेशांनी चोचीतली फळं टाकून दिली आणि नदीपलीकडचा गव्यांचा कळप 'आमचं काही चुकलं का?' अशा नजरेनं उभा राहिला. ज्याला धरायचं तो त्यांचा नवरा आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. तो माझ्या शेजारी काळ्या धोंड्यावर बसला होता. काठी मांडीवर आडवी, मोबाइल पुढ्यात आणि अंगठा मोबाइलवर रोखलेला.

"काय म्हणालीया ती?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"पेटी उघडू नको म्हणतात."

"का?"

का, ते मला ठाऊक होतं. त्याला ठाऊक नव्हतं. ते सांगायचं तर आधी फणसापासून सुरुवात करावी लागेल.

जोयड्याच्या रानात, नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. रामनगरच्या बाजारातून माल भरायचा आणि वाड्यावाड्यांतल्या दुकानांना पोचवायचा, हा माझा टेंपोचा धंदा. दोस्ताची भातशेती, आणि अंगात दहा माणसांचं बळ. एकदा चिखलात रुतलेला माझा टेंपो त्यानं मालासकट उचलून बाजूला ठेवला होता. मालात मिठाची पोती होती, हे मी सांगत नाही, कारण सांगितलं की लोक विश्वास ठेवत नाहीत. तर असा हा माणूस परसातल्या फणसावर चढला. फणस वासराएवढा होता. फणस आधी पडला की हा आधी पडला यावर वाडीत अजून दोन तट आहेत. फणस शाबूत राहिला, ह्याच्या मांडीचं हाड मात्र मोडलं.

बेळगावच्या दवाखान्यात हाडात सळी घातली. डॉक्टरनं घरी सोडताना सांगितलं, रोज चालायचं, दुखलं तरी चालायचं, नाहीतर पाय आखडून बसेल तो कायमचा. दोस्तानं मान डोलावली, घरी आला आणि पडवीतल्या बाजल्यावर आडवा झाला तो झालाच. पाय दुखत होता हे खरं. पण खरं दुखणं वेगळं होतं. वाडीत ज्याच्या चालण्यानं जमीन हलायची, त्यानं काठी टेकत अंगणातून जायचं? वहिनी रडल्या, ओरडल्या, जेवण बाजल्यापासून लांब ठेवून बघितलं. तो उपाशी झोपला. मी समजावलं तर म्हणाला, "तू टेंपोवाला हायस. तुला चालायचं काय कळतंय?"

त्याचा वेळ जावा म्हणून मी मोबाइलमध्ये खेळ घालून दिला. तिघातिघांच्या टोळ्या एका बेटावर उतरतात आणि एकमेकांच्या मागं लागतात, असा तो खेळ. आमच्या टोळीत तो, मी आणि गोव्याला हॉटेलात कामाला असलेला माझा मेव्हणा. अडचण एकच. आमच्या वाडीत नेटवर्क नाही. ते फक्त वरच्या काळ्या धोंड्यावर येतं. तिथं डाव्या पायावर उभं राहिलं तर गोव्याचं नेटवर्क लागतं, उजव्या पायावर बेळगावचं. वाडीतली लग्नं त्या धोंड्यावर ठरतात आणि मोडतातही तिथंच. पहिले काही दिवस मी त्याला रोज पाठुंगळी घेऊन वर नेलं. उतरताना माझ्या पाठीचा आकार बदलला तो अजून तसाच आहे.

आता पेटीचं सांगतो. ह्या खेळात रोज हजेरी लावली की एक पेटी मिळते. तिच्यात काय आहे ते उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. बहुतेकदा भंगार असतं: बुटाची नाडी, पिसं, अंगरख्याला लावायचा रंग. पण कधीतरी, कुणाच्या तरी पेटीत, सोनेरी टोप निघतो. तो घातला म्हणून ताकद वाढत नाही की गोळी चुकत नाही. नुसता चमकतो. तरी त्याच्यासाठी जग वेडं झालेलं. आणि एक दिवस हजेरी चुकली की मागची सगळी साखळी तुटते, पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या पेटीत दोस्ताला पिसं मिळाली, मला बुटाची नाडी. त्यानं ती बराच वेळ निरखली आणि म्हणाला, "उद्या बगू."

पडल्यापासून त्याच्या तोंडातून 'उद्या' हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. मला त्या वेळी लक्षात आलं नाही. वहिनींना आलं.

मग एका संध्याकाळी अणशीच्या घाटात झाड आडवं पडलं आणि माझा टेंपो अडकला. ह्याला वर न्यायला कोणी नाही. सूर्य उतरायला लागला तसा हा बाजल्यावर चुळबुळायला लागला. वहिनी सांगतात, आधी त्यानं मला शिव्या दिल्या, मग झाडाला, मग सरकारला. शेवटी कोपऱ्यातली काठी घेतली आणि निघाला. थोडा चालत, थोडा बसून घसरत, थोडा झुडपं धरून. वहिनी गोठ्याच्या आडून बघत होत्या. हाक मारली तर परत फिरेल म्हणून त्यांनी पदर तोंडात कोंबला होता. वरून ह्याची आरोळी आली, "आयला, परत नाडीच!" वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आमच्या लग्नात वाजंत्री वाजली तवा पण मला येवढं बरं वाटलं न्हवतं."

तेव्हापासून तो रोज चढायला लागला. डॉक्टर, बायको, दोस्त, ग्रामदेवी, ह्या सगळ्यांना जे जमलं नाही ते एका रिकाम्या पेटीनं केलं. मला ह्याचं नवल वाटायचं आणि थोडा रागही यायचा. टेंपो चालवताना माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो. आमच्याकडं उन्हाळ्याच्या शेवटी ओढ्याच्या डोहात कोंडलेले मासे सगळी वाडी मिळून धरते. मासे धरले की सागाच्या पानांवर सारखे वाटे घालायचे. एकजण वाट्यांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठ केलेला नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्याचा तो वाटा, मग त्यात मासा मोठा असो की डोकी जास्त असोत. तक्रार नाही. शेवटचा वाटा उचलेपर्यंत जागेवरून कोणी उठायचंही नाही, पहिला वाटा मिळालेल्यानंसुद्धा. नशीब आमच्याकडंही आहे, पण ते भांडण मिटवायला ठेवलेलं. आणि पाठ करून उभा राहायचा मान वर्षानुवर्षं माझ्या ह्याच दोस्ताचा. त्याच्या पाठीला डोळे नाहीत याची वाडीला खात्री होती.

म्हणून त्याची एक पक्की समजूत झालेली. खेळाच्या कंपनीतही कोणीतरी असाच पाठ करून उभा असणार. वाटे पडत जातात तसा ढीग कमी होतो आणि राहिलेल्यात आपला जवळ येतो. इतके दिवस नाड्या आणि पिसं निघाली म्हणजे टोप आता वर आला असणार.

मी त्याला सांगितलं. एकदा नाही, खूपदा. "खुळ्या, तिथं ढीगच न्हाई. काढशील तेवढं भंगार परत भरतंय. आणि तिथला माणूस पाठ करून उभा न्हाई, आपल्याकडं तोंड करून उभा हाय. टक लावून बघालाय. ह्यो उठायला लागला असं दिसलं की एखादं चांगलं पीस टाकतोय, म्हणजे ह्यो परत बसतोय. आपण गळाला गांडूळ लावतो तसं."

"सगळं दिलं न्हाई तर लोक कशाला बसतील?"

"द्यायचंच न्हाई, म्हणून तर बसत्यात!"

तो हसला. "तू रामनगरच्या यापाऱ्यांत राहून बिघडलास. सगळ्यास्नी त्यांच्यासारखंच समजतोस."

पटवून देण्यात मी जास्त जोर लावला नाही. पटलं असतं तर तो बाजल्यावर गेला असता. त्या कंपनीतल्या माणसाला कुठं ठाऊक होतं, की त्याच्या गळाला लागून जोयड्याच्या रानातला एक पाय रोज थोडा थोडा सरळ होतोय? वाईट हेतूनं टाकलेला गळ चांगल्या कामाला येतोय, तर तो सोडवायचा की तसाच राहू द्यायचा? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. तेव्हा मी फक्त टेंपो वेळेवर आणत राहिलो.

मग माझ्या मेव्हण्याला टोप निघाला. दोन संध्याकाळी त्यानं तो मिरवला, आम्हाला आवाज देऊन देऊन दाखवला. तिसऱ्या संध्याकाळी आला नाही. चौथ्याही नाही. मी फोन केला तर म्हणाला, "दाजी, टोप मिळाला की. आता काय राहिलंय त्यात?" मी हे सहज वहिनींना सांगितलं आणि वहिनी चुलीपुढं बसल्या त्या बसूनच राहिल्या. लाकूड विझलं तरी कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रामदेवीला जाऊन नवस बोलला: काठी टाकून हे रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंत चालत जाईपर्यंत टोप निघू देऊ नको. गंमत अशी, की दोस्तानं त्याच देवीला आधीच नारळ कबूल केला होता, टोप निघावा म्हणून. दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. मला दोघांनी सांगितलं होतं. त्या दिवसांत मी देवळावरून टेंपो नेताना हॉर्न वाजवायचं बंद केलं, उगाच देवीनं मला मध्ये घालायला नको.

आणि मग एके दिवशी कंपनीनं सणाची पेटी दिली. नेहमीच्या पेटीपेक्षा मोठी, झगमगणारी. आज टोप निघायची शक्यता जास्त, असं त्यावर लिहूनच आलेलं. दोस्तानं ही बातमी सकाळी माझ्याकडून ऐकली आणि जेवताना बायकोला सांगितली. दुपारी तो काठी टेकत वर चढला. वहिनी गवत कापायला गेल्या होत्या. परत येऊन बघतात तर बाजलं रिकामं.

"आवो भावजी!"

वहिनी धोंड्यापर्यंत पोचल्या, तोवर त्याचा अंगठा पडला होता. पेटी हलली, फुगली, तिच्यातून उजेड आला. आम्ही तिघं वाकून बघत होतो. वाकणं तरी काय, तिघांची डोकी एकमेकांवर आपटली.

सोनेरी टोप.

तो अशी आरोळी ठोकेल, की जंगलखातं चौकशीला माणूस पाठवेल, अशी माझी अपेक्षा होती. पण त्यानं नुसता टोप डोक्यावर चढवला, फिरवून सगळ्या बाजूंनी बघितला. माझ्या पेटीतून नेहमीसारखी नाडी निघाली, मग आम्ही दोघं बेटावर उतरलो. हा टोप घालून माळावर उभा राहिला आणि उन्हात असा चमकला, की बेटावरच्या सगळ्या बंदुका एकदम ह्याच्याकडं वळल्या. खेळ सुरू होतो न होतो तोच आम्ही दोघं मेलो.

"येवढ्यासाठीच व्हय?" तो म्हणाला. मोबाइल खिशात घातला, काठी घेतली आणि उतरायला लागला.

वहिनी कोयता बाजूला ठेवून धोंड्यावर बसल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाल्या, "त्यांनी बी देवीला कायतरी कबूल केलं असणार, तिनं त्यांचंच ऐकलं. बाई हाय, खरं बाईचं ऐकलं न्हाई." खाली तो वळणावर काठी रोवून थांबला होता. तिथून त्याचं घर दिसतं, आणि घराच्या पडवीतलं बाजलंही दिसतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उशीर केला. रामनगरला चहा प्यालो, मग परत एकदा प्यालो. ज्या दुकानदाराशी मी तीन वर्षं बोलत नव्हतो त्याची ख्यालीखुशाली विचारली. दोस्ताच्या अंगणातून गेलो तर बाजल्यावर तो दिसणार, मग वहिनींचं तोंड दिसणार. दोन्ही बघायची माझी तयारी नव्हती. टेंपो लावला आणि मागच्या पाणंदीनं, त्याचं घर टाळून, धोंड्याकडं निघालो. एका दुकानाचा फोन करायचा होता, हे निमित्त.

वर पोचलो तर धोंड्यावर कोणीतरी बसलेलं. माझ्या आधी. काठी खाली गवतात पडलेली, शर्ट घामानं भिजलेला, मोबाइल हातात. मी जवळ जाऊन वाकून मोबाइलमध्ये बघितलं. सोनेरी टोप कुठंच नव्हता. खेळात पहिल्या दिवशी सगळ्यांना फुकट मिळते ती फाटकी टोपी डोक्यावर चढवून हा बेटावर उतरायच्या तयारीत बसलेला.

"किती उशीर रे?" तो म्हणाला.

  मी म्हटलं, "तुला टोप मिळाला न्हवं? मग आता कशाला चढालास?"

त्यानं माझ्यासाठी धोंड्यावर जागा केली.

"तुझा वाटा पडला न्हाई अजून."