नाव पोकळ हाय

ईरा, तू डिसेंबरात बोटीला एक चक्कर मारून आलीस आणि विचारलंस, "आजी, सगळ्या बोटींच्या मागे नाव असतं, मग आपल्या बोटीला का नाही?" तेव्हा मी "पेंट संपला" असं सांगून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. तुझ्या शेजारी अद्वैत बसला होता, आणि त्याला आधीच पाण्याची धास्ती. आता तुम्ही दोघंही कॅल्गरीला सुखरूप पोचलात, म्हणून लिहिते. या ग्रुपवर असे अनुभव लोक लिहितात आणि तुम्ही ते वाचता, असं तुझ्या बाबाने सांगितलं. तेव्हा इतर वाचकांनीही वाचायला हरकत नाही. अद्वैतला तू वाचून दाखव, पण दिवसा.

आधी एक स्पष्ट करते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा घरातला देव्हारा गेला, आणि "त्याच्याच मागोमाग भुतंही गेली" असं ते हसून म्हणायचे. पुढे मी नागपूरला इंग्रजी माध्यमात शिकले, वर्ध्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं. माझ्या डब्यांवर लेबलं असतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ज्या गोष्टीला लेबल लावता येत नाही ती मी घरात ठेवत नाही. ही एक सोडून.

तुमच्या आबांनी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. आयुष्यभर पाणी मोजलं, वळवलं, अडवलं, पण त्यावर कधी निवांत बसले नाहीत. रिटायर झाल्यावर ते घरात नुसते येरझारा घालायचे. मग एक दिवस म्हणाले, "प्रोफेसर, एक बोट मिळते आहे. जुनी आहे, पण झोपता येईल अशी."

दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्याशा तलावावर पर्यटकांना फिरवणारी ती बोट. फायबरची. पुढे छोटी केबिन, आत समोरासमोर दोन बाकं — त्यांवरच झोपायचं — आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी मावेल एवढा ओटा. मागे इंजिन अडकवायची सपाट पाठ. ट्रॉलीवर चढून ती आष्टीच्या पुढे, धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेल्या आपल्या शेतावर आली, तेव्हा शेजारचे वामनभाऊ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहून पाहत होते.

"आबासाहेब, संत्र्याच्या वावरात जहाज? आता काय परदेशात माल धाडता का?"

"आधी तुम्हालाच धाडतो," आबा म्हणाले.

"मले नोका धाडू. मायी बायको तुमच्यावर केस करन."

दिवाळीनंतर आम्ही वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या घराला कुलूप लावलं आणि शेतावर आलो. वर्ध्याहून शकीलभाई आले. ते फायबरच्या टाक्या आणि कूलरच्या बॉड्या दुरुस्त करतात. त्यांनी तळाच्या भेगा बुजवल्या, आबांनी इंजिन उघडून पुन्हा जोडलं, मी केबिन घासली. आधीच्या लोकांच्या बिडीचा वास जाता जाईना. शेवटी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने पुसली, तेव्हा कुठे गेला. पडदे शिवले. गॅसजवळ मसाल्याचे छोटे डबे, खाली औषधं, वर तुमच्यासाठी बिस्किटं. आबांनी परवानगीचे कागद आधीच करून ठेवले होते. बोट पाण्यात उतरली त्या दिवशी आम्ही आमची गादी आत नेली आणि तिथेच राहायला लागलो.

पोरांनो, मी त्या बोटीच्या विरुद्ध होते. या वयात गुडघे आणि हेलकावे एकत्र जमत नाहीत. पण पहिल्या सकाळी आबांनी बाकावर पडल्या पडल्या खिडकीतून पाण्यावरचे बगळे पाहिले आणि मला हाक मारून दाखवले. रिटायर झाल्यापासून त्यांनी मला काही दाखवायला हाक मारली नव्हती. मग मी गुडघ्यांचा विषय बंद केला.

तुम्ही नाताळच्या सुट्टीत येणार होता. आबांचा बेत पक्का होता. बोट तोवर काठाकाठाने, हळूच चालवायची. इंजिन पूर्ण जोरात सोडून मधल्या मोठ्या पाण्यात जायचं ते तुम्हाला घेऊनच. "मागच्या कडेला बसवू दोघांना, पाय सोडून," ते म्हणायचे. तुमच्यासाठी लाइफ जॅकेटंही आणली होती, पण थंडीतलं ते पाणी... असो.

तुम्ही यायच्या आधीच्या आठवड्यात आबांनी नाव लिहायला घेतलं. कोणाचं लिहायचं यावर फोनवर तुमचं भांडण झालं होतं, आठवतं? आबांनी तोड काढली — "ईराद्वैत". बोटीचं तोंड काठाला बांधलेलं, पाठ पाण्याकडे, आणि तिथे उतार एकदम आहे. माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून वामनभाऊंच्या लहानशा डोंग्यात बसून आबांनी सकाळभर ते काम केलं. आधी पांढऱ्या ऑइल पेंटचा पट्टा, मग थोडं थांबून निळी अक्षरं. अक्षर सुंदर आलं. मग ते आणि वामनभाऊ आष्टीच्या बाजाराला गेले.

मी केबिनमध्ये वांग्याची भाजी टाकली होती. भर दुपार. ऊन स्वच्छ, वारा अजिबात नाही. काठावरून हाक आली.

"बाई... हाय का घरात?"

बोटीला कोणी घर म्हणतं याचंच मला बरं वाटलं. मी बाहेर आले. फळीच्या टोकाशी एक बाई उभी होती. माझ्याच वयाची, काटक, हिरवं लुगडं, हातावर गोंदण. तुम्ही विचाराल, म्हणून सांगते — पाय सरळ होते. पायात निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल होती, एका पट्ट्याला सेफ्टी पिन. तिची सावलीही पडली होती. मी तेव्हा मुद्दाम काही पाहिलं नाही, पण डोळ्यांना वर्गावरून नजर फिरवायची सवय आहे.

"या ना, चहा टाकते," मी म्हटलं.

"नाई, बसत नाई. एक सांगाले आली. नाव पाह्यजो बाई. नाव पोकळ हाय."

"काय?"

"नाव. पोकळ हाय. लेकरं बसाच्या आंधी पाह्यजो."

"कोणती लेकरं?"

ती हसली. "येऊन राह्यले ना तुये?"

वामनभाऊंनी सगळ्या गावाला सांगितलं असणार, असं मला वाटलं. भाजी करपल्याचा वास आला, म्हणून "एक मिनिट हं" म्हणून मी आत वाकले, गॅस बंद केला, बाहेर आले. काठ रिकामा होता. आपला काठ तुम्ही पाहिला आहे. एक बाभूळ सोडली तर धुऱ्यापर्यंत सगळं सपाट. शेळी चरत असेल तरी दिसते. मी बाभळीमागेही जाऊन पाहिलं. म्हटलं, चालायला चपळ असेल.

आबा परतल्यावर मी सांगितलं. ते खो खो हसले.

"नाव पोकळ आहे! अगं, नाव पोकळ नसती तर तरंगली असती का? भरीव असती तर तिला बाक म्हणाले असते."

मीही हसले. करपलेली भाजी आम्ही हसत हसत खाल्ली.

पण तिचं ते 'पाह्यजो' डोक्यातून जाईना. इकडच्या बोलीतला हा 'जो' मला फार आवडतो. 'पाय' म्हटलं की आत्ता पाहा. 'पाह्यजो' म्हटलं की मी इथे नसेन तेव्हाही विसरू नको, नक्की पाहा. सांगणाऱ्याची काळजी त्यात मागे राहते. इंग्रजीत मला याला एका शब्दाचा पर्याय कधी सापडला नाही.

सकाळी वामनभाऊ दूध घेऊन आले. मी विचारलं, "भाऊ, काल कोणी बाई आली होती का तुमच्याकडची? नाव पाहा म्हणून सांगून गेली."

"कोन्ती नाव?"

"ही. बोट."

"हिले इकडं कोनी नाव नाई म्हनत, काकू. आमी डोंगा म्हनतो. हिले बोट. नाव तं मानसाले असते!" आणि आपल्याच विनोदावर ते हसले.

मी दुधाचं पातेलं खाली ठेवलं. जन्मभर भाषा शिकवली आणि एवढं कळलं नाही! आम्ही आपले पुस्तकी लोक. 'नाव' ऐकलं, पाणी समोर होतं, अर्थ होडी लावला. ती बाई होडीबद्दल बोलतच नव्हती. ती नावाबद्दल बोलत होती. कालच पाठीवर लिहिलेल्या नावाबद्दल... जे काठावरून दिसतच नाही.

मी पोळपाटावरचं लाटणं घेतलं आणि म्हटलं, "भाऊ, मला डोंग्यात बसवा."

"काकू, लाटनं कायले? आबासाहेबांनं काई केलं का?"

"अजून नाही."

मी डोंग्यातून मागे गेले आणि लाटण्याने बोटीची पाठ वाजवत निघाले. वरच्या कडेला टण टण. डावीकडे टण टण. अक्षरांच्या खाली आले आणि आवाज बदलला. भद... भद. पिकलेल्या पपईवर टिचकी मारावी तसा. आबा वरून वाकून पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ते इंजिनिअर आहेत, त्यांना समजवावं लागलं नाही.

आणि अक्षरांच्या बरोबर खाली, पांढऱ्या रंगात, चार बोटांचे ठसे होते. रंग ओला असताना कोणी हात टेकवावा तसे.

शकीलभाई त्याच दिवशी आले. बोट काठावर ओढून त्यांनी कटरने अक्षरांखालचा फायबरचा पत्रा चौकोनी कापून काढला. फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं आणि इंजिनाचा सगळा भार त्याच्यावर. शकीलभाईंनी आत बोट घातलं ते सहज आत गेलं. काळा लगदा बाहेर आला.

"आबासाब, ये तो चाय में डूबा हुआ टोस्ट है," ते म्हणाले. "मैंने नीचे का सब देखा, ये ऊपर से एकदम नया था, शक ही नहीं आया. फुल रेस देते ना, तो इंजन ये पूरा पिछवाड़ा लेके निकल जाता."

 ती पाठ म्हणजे तुम्ही पाय सोडून बसणार होता ती कडा. पाणी तिथूनच आत आलं असतं, मधल्या मोठ्या पाण्यात. आबा बाभळीखाली जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप न घेता माझं मनगट धरलं. म्हणाले, "मी हसलो गं." मी म्हटलं, "मीही हसले. प्या आता."

शकीलभाईंनी नवं प्लाय घालून पाठ पक्की केली. आबांनी एकट्याने पूर्ण जोरात चालवून पाहिली, मगच तुम्हाला बसवलं. मधल्या पाण्यात अद्वैत पहिल्यांदा मोठ्याने ओरडला आणि मग हसत सुटला, ते तुमच्या आबांच्या फोनमध्ये आहे. ते रोज पाहतात.

त्या बाईचा शोध आम्ही खूप घेतला. वामनभाऊंनी आसपासच्या गावांत विचारलं, त्यांच्या बायकोने बाजारात विचारलं. हिरवं लुगडं, गोंदण, पिन लावलेली चप्पल... कोणीच ओळखेना. आबांचं म्हणणं, बोटीच्या जुन्या कामगारांपैकी कोणाच्या तरी घरची असेल, तिला दोष ठाऊक असेल. असेल. पण मग ती आली कुठून आणि गेली कुठे? ठशांबद्दल ते म्हणतात, डोंगा हलला तेव्हा आपलाच हात टेकला असेल. मी त्यांना हात त्यावर ठेवून पाहायला सांगितलं. त्यांची बोटं ठशांबाहेर आली. माझी बसली, पण माझा हात तिथे लागलेला नव्हता, लाटणं लागलं होतं. दुसरं कोणी डोंग्यातून आलं असेल, असंही म्हणता येईल. मी प्रत्येक शक्यता तपासली, प्रत्येकीत कुठेतरी भद असा आवाज येतो.

तो कापलेला फायबरचा तुकडा ठशांसकट आता सिंदी मेघेच्या स्वयंपाकघरात आहे. अद्वैत, तू ज्या पांढऱ्या पाटावर ठेवून चिवडा खाल्लास, तोच. मी तेव्हा काही बोलले नाही. उलट मला बरं वाटलं. तीही बहुधा रागावली नसती.

ती कोण, हे मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही. वडील असते तर म्हणाले असते, "कारण असेलच, तुला सापडलं नाही एवढंच." मला ते मान्य आहे. पण कारण सापडेपर्यंत आभार थांबवून ठेवावेत, असं त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. म्हणून दुपारी बोटीवर असले की मी एक कप चहा जास्त टाकते. बहुतेक वेळा तो वामनभाऊच पिऊन जातात.

पाठ रंगवून झाल्यावर आबा पुन्हा ब्रश घेऊन बसले होते — "ईराद्वैत". मी त्यांना थांबवलं. तुमची नावं तुमच्याजवळ आहेत, धडधाकट आहेत. तिने मला नाव पाहायला सांगितलं, आणि तिचं नाव विचारायच्या आत मी भाजी बघायला वाकले. ती जागा मी तिच्यासाठी मोकळी ठेवली आहे. पुन्हा आली तर आधी चहा देईन, मग विचारीन, आणि आबांना म्हणेन — आता लिहा.